सटकणारा चोक : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन (आकृत्यांशिवाय)

चोक सटकणं हा काही मोटारसायकलचा मोठा आजार नव्हे. त्याने ब्रेक जात नाहीत, इंजिन जॅम होत नाही, ठाण्यात कपूरबावडीच्या सिग्नलला पोलीसही हात दाखवत नाहीत. होतं एवढंच, की थंड गाडी सुरू करताना तुम्ही हँडलवरची चोकची पट्टी ओढता, गाडी सुरू होते, तुम्ही हेल्मेटचा बंद लावायला हात सोडता आणि पट्टी चट्कन मूळ जागी परत जाते. गाडी दोनदा खोकून बंद पडते. मग पुन्हा पट्टी, पुन्हा सेल्फ, पुन्हा खोकला. चोकला एक हात, हेल्मेटला दोन, एकूण तीन. कोलशेतात जागेचा भाव कितीही चढला असला, तरी माणशी हात अजून दोनच मिळतात.

या तिसऱ्या हाताची सोय कशी करायची, ते पुढे क्रमवार दिलं आहे. ज्याने आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर धरलेला नाही त्यालाही हे काम एका दुपारी जमतं. ज्याने धरलेला आहे त्याला जरा जास्त वेळ लागतो, कारण त्याला आधी काही सवयी सोडाव्या लागतात. त्यातली सगळ्यांत वाईट सवय तेल घालण्याची. तिचा समाचार चौथ्या पायरीत.

हे मार्गदर्शन कोणासाठी

ज्यांच्या गाडीला कार्बोरेटर आहे त्यांच्यासाठी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे इंजिन थंड आहे की गरम, याची चौकशी सेन्सर करतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. चोक नावाची वस्तूच तिथे नाही. अशा गाडीच्या मालकांनी इथूनच परत फिरावं. त्यांचे आजार वेगळे, महाग आणि लॅपटॉप लावल्याशिवाय न कळणारे असतात.

कार्बोरेटरवाल्यांतही सगळे पात्र नाहीत. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या दोन्ही गाड्यांचा चोक थेट कार्बोरेटरवर असतो. वाकून, गुडघ्यापाशी चाचपून तो लावायचा. त्यात केबल नाही, त्यामुळे भानगडी कमी. २००१ साली आलेल्या बजाज पल्सरसारख्या गाड्यांवर चोक हँडलच्या डाव्या मुठीपाशी, अंगठ्याच्या टप्प्यात आला. वाकायचं वाचलं. पण पट्टी आली, पट्टी धरणारा स्क्रू आला, स्क्रूखालचा वायसर आला, केबल आली. वस्तू वाढल्या की सटकायच्या जागाही वाढतात. हे मार्गदर्शन मुख्यतः या हँडलवाल्यांसाठी आहे.

आणि उदाहरण ठाण्यातल्या कोलशेतचंच का? कोलशेत खाडीच्या काठावर आहे म्हणून. खाडीवरून येणारी दमट, खारी हवा आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा ठाण्याचा पाऊस यांच्यात केबल, स्क्रू आणि वायसर या तिन्ही गोष्टी लवकर म्हाताऱ्या होतात. शिवाय रस्ता. कोलशेत रोडवर कधी पाइपलाइनसाठी, कधी केबलसाठी आणि कधी मागचं खोदकाम बुजवण्यासाठी खोदकाम चालू असतं. त्या हादऱ्यांनी गाडीतला जो स्क्रू ढिला व्हायला तयार असतो तो होतोच. कल्याण-डोंबिवलीच्या वाचकांनी इथे आपापली खाडी आणि आपापला रस्ता वाचावा. मजकूर बदलायची गरज पडणार नाही.

थोडं शास्त्र, घाबरू नका

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पेट्रोल थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि ठिणगीपर्यंत पोचतं ते फारच थोडं. गरम इंजिनाचं काम वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल एवढ्यात भागतं. थंड इंजिनाला त्याहून बरंच जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ते देण्याची तात्पुरती सोय म्हणजे चोक.

सोय दोन तऱ्हांनी केलेली असते. सीडी १००सारख्या गाड्यांत एक पत्र्याची झडप हवेची वाट अडवते. हवा कमी झाली की पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढतं. आरएक्स १०० किंवा पल्सरसारख्या गाड्यांत हवा अडवत नाहीत. तिथे कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वेगळी, आडवाट असते. तिच्या तोंडावर छोटा पिस्टन बसलेला असतो. चोक ओढला की पिस्टन वर उचलला जातो आणि आडवाट उघडते. हा फरक लक्षात ठेवा, चाचणीच्या वेळी तो उपयोगी पडेल.

‘ठाण्यात थंडीच कुठे असते?’ असं विचारणारे आहेत. जानेवारीत पारा पंधरा-सोळापर्यंत उतरला की ठाण्यात स्वेटर निघतात आणि उपवन तलावाकाठचे फोटो पेपरात येतात. कार्बोरेटरलाही तेवढीच थंडी पुरते. त्यातून आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून परवापर्यंत चोकशिवाय सुरू होणाऱ्या गाड्याही हल्ली सकाळी तो मागू लागल्या आहेत.

आता सटकण्याचं कारण. हँडलवरची पट्टी एका स्क्रूभोवती फिरते. पट्टी आणि तिचं घर यांच्यामध्ये एक वायसर असतो, बहुधा थोडा वाकवलेला. त्याच्या दाबामुळे पट्टी घासत फिरते आणि ओढाल तिथे थांबते. तिकडे कार्बोरेटरमधली स्प्रिंग पिस्टनला खाली दाबत असते, म्हणजे केबलला सतत आपल्याकडे ओढत असते. ही रस्सीखेच आहे. स्प्रिंग एका बाजूला, वायसर दुसऱ्या बाजूला. स्प्रिंग पोलादी आहे, ती वर्षानुवर्षं थकत नाही. वायसर झिजतो, स्क्रू ढिला होतो, मध्ये चिखल-तेलाचं लोणी जमतं आणि एके सकाळी स्प्रिंग जिंकते.

स्प्रिंगवर रागावू नका. ती आहे म्हणून पट्टी परत ढकलली की आडवाट बंद होते. तिचं काम ती चोख करते आहे. काम सोडलंय ते घर्षणाने.

आधी निदान

पाना हातात घेण्याआधी, इंजिन थंड आणि बंद असताना, पट्टी ओढून सोडा आणि बघा. थांबली तर गाडी सुरू करून पुढचं बघा.

(१) सोडल्याबरोबर परत गेली : घर्षण संपलं. हे मार्गदर्शन तुमच्यासाठीच.

(२) थांबली, पण गाडी सुरू झाल्यावर थरथरत हळूहळू परत गेली : घर्षण आहे, पण वयोमानाप्रमाणे. हेही तुमच्यासाठीच.

(३) थांबली, पण गाडीला चोक लागल्याचं चिन्ह नाही : केबल तुटली आहे किंवा खोबणीतून निसटली आहे. नवी केबल घ्या. ती फार महाग नसते. ‘ओरिजनल की डुप्लिकेट?’ हा प्रश्न दुकानदार विचारीलच, तेव्हा ओरिजनल म्हणा.

(४) पट्टी परत गेली, पण चोक बंद झाला नाही : केबल गंजून आत अडकली आहे आणि आडवाट उघडीच राहिली आहे. गाडी काळा धूर सोडते, मायलेज घसरतं, प्लग काजळीने काळा होतो. वरच्या तिन्हींपेक्षा हा आजार वाईट, आणि गंमत म्हणजे याची तक्रार घेऊन कोणीच येत नाही, कारण सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.

साहित्य

योग्य मापाचा स्टार स्क्रू-ड्रायव्हर. ‘योग्य मापाचा’ हे शब्द पुन्हा वाचा. घरात टीव्हीच्या कपाटाबरोबर आलेला स्क्रू-ड्रायव्हर चालणार नाही. तो स्क्रूचं डोकं खातो, आणि डोकं खाल्लेला स्क्रू काढण्याचं मार्गदर्शन हा स्वतंत्र आणि रडका विषय आहे.

आठ आणि दहा नंबरचे पाने. जुना टूथब्रश. भांडी घासायचा साबण, थोडं पाणी. दोन कोरडी फडकी. पातळ वायसरची पुडी. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सायकलच्या फाटक्या ट्यूबचा हातभर तुकडा आणि कात्री. पंक्चरवाल्याकडे ट्यूब मागितली तर फुकट मिळते. विकत मागितली तर तो संशयाने बघतो. एक जुनी पांढरी चादर. फोटो काढण्यापुरता मोबाइल. कपडे वाळत घालायचा एक चिमटा.

यादीत तेल नाही, हे लक्षात आलं असेल. तेलाचा डबा घरीच ठेवा. सहाव्या पायरीला तो मागवू, तोवर त्याचं नाव काढू नका.

पायरी १ : वेळ आणि जागा

रविवारची सकाळ टाळा. त्या वेळी सगळी सोसायटी खाली असते : कोणी गाडी धुतंय, कोणी दूध-पेपर घेऊन परततंय, कोणी नुसतंच फिरतंय. उघडी मोटारसायकल दिसली की फिरणारा थांबतो आणि थांबलेला बोलतो. दुपारी दोन ते चार ही वेळ सर्वोत्तम. जेवण झालेलं असतं आणि सल्ला द्यायला जी एक किमान जाग लागते ती कोणाला नसते.

जागेचं म्हणाल तर नव्या टॉवरांत पार्किंगचे मजले आहेत आणि ‘पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये’ अशी पाटीही आहे. पाटीच्या खाली बसू नका. वॉचमनला आधीच सांगून ठेवा, की ‘दुरुस्ती नाही, फक्त साफसफाई आहे.’ यात खोटं काहीच नाही. चौथ्या पायरीपर्यंत आपण साफसफाईच करणार आहोत.

गाडी मेन स्टँडवर लावा, किल्ली काढा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चोकचं काम गरम इंजिनावर करण्यात अर्थ नाही. गरम गाडीला चोक लागतच नाही, त्यामुळे तुम्ही काहीही केलंत तरी ‘झालं बरं का दुरुस्त’ असं वाटेल.

पायरी २ : सल्लागार

एवढी काळजी घेऊनही कोणी तरी येईलच. प्रकार ओळखा.

तेलवाले काका. हे लांबूनच हाक मारतात, ‘तेल घाला थोडं!’ त्यांनी अजून गाडी बघितलेली नसते. त्यांना ‘हो काका, घालतो’ म्हणा आणि घालू नका.

चोकविरोधी. ‘आपल्याकडे चोक लागतो कशाला? काढून टाका ना. मी तर वापरलाच नाही कधी.’ यांची गाडी सकाळी सुरू होताना तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येते.

विकून टाका-वाले. ‘पंधरा वर्षं झाली ना? आता पासिंग, ग्रीन टॅक्स, कशाला नसती कटकट?’ पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं हे खरं. पण त्याचा आणि सटकणाऱ्या वायसरचा संबंध नाही. चोक ढिला झाला म्हणून एमएच ०४च्या सगळ्या जुन्या गाड्या विकायच्या ठरवल्या, तर घेणार कोण?

‘रेस दे, रेस दे’ म्हणणारा तरुण. हा आठव्या पायरीला उगवतो. त्याचा बंदोबस्त तिथेच करू.

आणि शेवटचे, फिटर काका. हा प्रकार कोलशेतचं वैशिष्ट्य म्हणायला हवा. या रस्त्यावर आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत कारखाने होते. सँडोझचा कारखाना, १९९५ साली रसायनांचा धंदा वेगळा निघाल्यावर तोच क्लॅरियंटचा झाला; शिवाय बायरचा वेगळा कारखाना. त्या जमिनींवर आता लोढा अमारा आणि कल्पतरू पार्कसिटी आहेत. कारखाने गेले, पण तिथे आणि वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वसाहतीत, उमेदीची वर्षं काढलेले फिटर, टर्नर, मेंटेनन्सवाले अजून कोलशेत, ढोकाळी, बाळकुमच्या गावठाणांत आणि जुन्या चाळी-इमारतींत राहतात. असे एखादे काका आले तर ओळख पटायला वेळ लागत नाही. ते हात मागे बांधून उभे राहतात. पाच मिनिटं काही बोलत नाहीत. मग एवढंच विचारतात, ‘वायसर बघितलास का?’

त्यांना खुर्ची द्या. चहाही सांगा.

पायरी ३ : उघडणं

चादर गाडीच्या डाव्या बाजूला, हँडलखाली पसरा. ही चादर बसण्यासाठी नाही, उडणाऱ्या वस्तू सापडण्यासाठी आहे. काळ्या फरशीवर पडलेला काळा वायसर शोधताना माणूस अध्यात्माकडे वळतो. पांढऱ्या चादरीवर तो लगेच सापडतो.

बटणांच्या डाव्या डब्याखाली दोन स्क्रू असतात. ते काढण्याआधी फोटो काढा. काढताना फोटो काढा. काढल्यावरही काढा. पुढे ‘ही पट्टी अशी होती की तशी?’ हा प्रश्न पडणार आहे, आणि त्या वेळी स्मरणशक्ती तुम्हाला मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देणार आहे.

डबा उघडल्यावर पट्टीचा स्क्रू दिसेल. हात लावण्याआधी तो नुसता हलवून बघा. हलला तर कदाचित आजार एवढाच होता. स्क्रू आवळा, पट्टी ओढा, थांबली तर डबा बंद करा आणि घरी जाऊन झोपा. मात्र खाली कोणी विचारलं तर ‘बराच मोठा प्रॉब्लेम होता’ असं सांगा. लोकांना लवकर संपलेली दुरुस्ती आवडत नाही.

नसेल थांबत तर स्क्रू काढा. पट्टी, वायसर, केबलचं टोक, सगळं ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने चादरीवर डावीकडून उजवीकडे मांडा.

पायरी ४ : साफसफाई, आणि तेलाचा प्रश्न

आता मुख्य प्रकरण.

घरातल्या कुठल्याही यंत्राला काहीही झालं की आपण तेल घालतो. दार कुरकुरलं, तेल. शिलाई मशीन जड झालं, तेल. सायकलची चेन, कुलूप, पंखा, तेल. शाळेत विज्ञानाच्या पेपरात ‘घर्षणाचे फायदे व तोटे लिहा’ असा प्रश्न यायचा, त्यात सगळ्यांना तोटे पाठ असायचे. फायद्यांत ‘घर्षणामुळे आपण चालू शकतो’ एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. तेवढ्याच शिदोरीवर आपण गाडी उघडायला बसतो. यंत्र म्हणजे जितकं सुळसुळीत तितकं चांगलं, अशी आपली पक्की समजूत.

सटकणाऱ्या चोकची तक्रार नेमकी उलटी आहे. इथे वस्तू अडकत नाही, आणि ती अडकत नाही हीच तक्रार. पट्टीच्या सांध्यात तेल घातलंत की उरलंसुरलं घर्षणही जाईल, स्प्रिंगचा विजय कायमचा होईल आणि वर धूळ बसून काळं लोणी जमेल ते वेगळं. आधीच्या गॅरेजवाल्याने प्रेमाने ग्रीस भरलेलं असेल तर तुमचा चोक कदाचित त्या प्रेमानेच सटकत असेल.

म्हणून पट्टी, वायसर आणि घराची ती चकती, जिथे जिथे घासायचं आहे ते ते सगळं साबणाच्या पाण्याने टूथब्रश मारून धुवा. पेट्रोलने धुऊ नका, बंद पार्किंगमध्ये तर मुळीच नको. वाफ साचते आणि तिला ठिणगीचं निमित्त पुरतं. धुतलेलं फडक्याने कोरडं करा आणि अर्धा तास तसंच ठेवा. बोट फिरवल्यावर किंचित खरखरीत लागलं पाहिजे. गुळगुळीत लागलं तर पुन्हा साबण.

पायरी ५ : वायसर

जुना वायसर बोटांत धरून बघा. एका बाजूने पातळ, चकचकीत झाला असेल तर तो संपला. त्याची भावना दुखावणार नाही अशा बेताने त्याला बाजूला ठेवा, टाकू नका. दुकानात माप दाखवायला लागेल.

त्याच मापाचा वाकवलेला वायसर मिळाला तर उत्तम. न मिळाला तर सायकलच्या ट्यूबमधून तेवढ्याच मापाची रबरी चकती कापा, मध्ये स्क्रूपुरतं भोक पाडा आणि ती पट्टीखाली, पातळ पत्र्याच्या वायसरबरोबर बसवा. रबर दाबलं जातं, परत उसळी मारतं आणि पट्टीला धरून ठेवतं. चकती कडेने बाहेर डोकावू देऊ नका, नाही तर पट्टी फिरताना ती गोळा होऊन अडकते. पहिली चकती वाकडी कापली जाईल. दुसरीही. म्हणूनच यादीत हातभर ट्यूब सांगितली.

पायरी ६ : केबल, आणि आता तेल

तेलाचा डबा आता आणा. केबलच्या आतली तार तिच्या आवरणात सुळसुळीत सरकली पाहिजे; तिथे घर्षण असेल तर चौथ्या प्रकारचा आजार होतो. केबलचं वरचं टोक उभं धरा. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीचा एक कोपरा कापून त्या टोकावर घट्ट बांधा, पिशवीत चमचाभर पातळ मशीन ऑइल ओता आणि वाट बघा. तेल आपल्या चालीने खाली उतरतं. खालच्या टोकाला थेंब दिसला की झालं. आवरणाच्या आत नायलॉनचं अस्तर असलेली केबल असेल तर तेलाची गरज नसते, ती तशीच राहू द्या.

तार जागोजाग तुटून काटे निघाले असतील तर तेल वाया घालवू नका. नवी केबल घाला.

आता नियम पाठ करा : केबलच्या आत तेल, पट्टीच्या सांध्यात नाही. दोन्ही जागांत वीतभर अंतर आहे. हात पुसूनच पट्टीकडे वळा. तेलवाले काका अजून उभे असतील, तर त्यांना ही पायरी मुद्दाम दाखवा. त्यांचं समाधान होऊन ते जातात.

पायरी ७ : जोडणी आणि पाव फेरा

फोटो उलट्या क्रमाने बघत सगळं परत जोडा. केबल बसवताना पट्टी पूर्ण मिटलेली असताना तारेला किंचित ढील राहिली पाहिजे. तार ताणलेली राहिली तर पिस्टन पूर्ण बसत नाही आणि गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर पेट्रोल पीत राहते.

पट्टीचा स्क्रू आवळायची पद्धत अशी : हाताला लागेपर्यंत फिरवा, थांबा. पट्टी ओढा, सोडा. परत गेली तर पाव फेरा आवळा. पुन्हा ओढा, सोडा. गेली तर आणखी पाव फेरा. ज्या पाव फेऱ्याला पट्टी थांबते तिथे तुम्हीही थांबा. ‘असू दे, थोडं जास्तच बरं’ असं म्हणून आणखी अर्धा फेरा मारायचा मोह होईल. तिथले आटे मऊ धातूचे किंवा प्लॅस्टिकचे असतात, ते जातात. आटे गेले की पुढच्या रविवारचीही सोय झाली.

पायरी ८ : चाचणी

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी चोक पूर्ण ओढा, हात सोडा. पट्टी जागीच राहिली? सेल्फ मारा.

या क्षणी तो तरुण येतो आणि ओरडतो, ‘रेस द्या काका, रेस!’ देऊ नका. आडवाटेच्या चोकमध्ये पेट्रोल खेचलं जातं ते इंजिनाच्या शोषणामुळे, आणि ते शोषण रेस पूर्ण बंद असतानाच जोरात असतं. रेस दिलीत की हवेला मोठी वाट मिळते, आडवाटेतलं खेचणं मंदावतं आणि चोक असून नसल्यासारखा होतो. कित्येकांचा चोक धडधाकट असतो, केवळ उत्साहामुळे तो चालत नाही. झडपवाल्या गाडीला अगदी थोडी रेस दिली तर चालते. तुमची आडवाटेची असेल तर उजवा हात खिशात ठेवा.

गाडी सुरू झाली, इंजिनाचा आवाज चढला, तो स्थिर झाला, की पट्टी हाताने परत ढकला. कोलशेतच्या हवेत याला अर्धा-एक मिनिट पुरतं. हेल्मेट घालून होईपर्यंत वेळ झालेली असते. चोकवर गाडी चालवत कपूरबावडी गाठू नका : जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, रिंगा झिजतात, प्लग काळा होतो.

तात्पुरती व्यवस्था

रविवार लांब असेल तर यादीतला कपड्यांचा चिमटा वापरा. पट्टी ओढून मुठीशी चिमट्यात पकडा. चिमटा लाल किंवा पिवळा निवडा, म्हणजे तो काढायचा राहिला तर निदान शेजारचा रिक्षावाला ओरडून सांगेल. रबरबँडही चालतो, पण तो उन्हात विरतो. फेवीक्विक आणि एम-सील यांचा विचार मनात आला तर तो कोणाला सांगू नका आणि अमलातही आणू नका. चिकटवलेला चोक हा कायमचा लावलेला चोक असतो.

शंका-समाधान

शंका : एक स्क्रू उरला आहे.
समाधान : मोबाइलवरचे फोटो बघा. स्क्रू कुठल्याच फोटोत नसेल, तर तो तुमचा नाही. तो त्या जागी आधी कोणी तरी केलेल्या दुरुस्तीतून उरलेला आहे.

शंका : हे सगळं मेकॅनिककडून करून घेतलं तर?
समाधान : जरूर. फक्त त्याला ‘चोक सटकतो’ एवढंच सांगा आणि तो ग्रीसच्या डब्याकडे वळला तर हळूच खोकला काढा.

शंका : सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाटीकडे बोट दाखवलं.
समाधान : त्यांचीही जुनी गाडी कुठल्या तरी खांबामागे झाकून ठेवलेली असते. तिच्या चोकची चौकशी करा.

शंका : आता चोक थांबतो, पण इतका घट्ट बसतो की परत ढकलायला दोन्ही अंगठे लागतात. स्प्रिंगलाही तो हलत नाही.
समाधान : अभिनंदन, तुम्ही सातव्या पायरीला थांबला नाहीत. ढिल्या चोकने तुमचा फक्त एक हात अडकत होता. घट्ट चोक पेट्रोल, प्लग आणि रिंगा खाणार आहे, आणि तेही गाडी झकास सुरू होत असताना. घर्षण हवं ते पट्टीने सांगितलं तर थांबावं आणि ढकललं तर निघावं एवढंच. स्क्रू पाव फेरा सैल करा. तरी नाही हलली तर आणखी पाव. आणि हे करताना मागून कोणी ‘त्यापेक्षा तेल घाला ना थोडं’ म्हणालं, तर मागे वळून बघू नका.